दहाच्या वर

शीर सापडत नसली की तिला हाक जायची.

रक्ततपासणीच्या त्या लॅबमध्ये सुई धरणारे तिघं होते. पण कुणाचा दंड गुबगुबीत असला, कुणी आजारानं वाळून गेलेलं असलं, किंवा कडेवरच्या मुलानं सुई बघूनच आभाळ डोक्यावर घेतलेलं असलं, की बाकीचे दोघं हात टेकायचे. "ताई, जरा येता का?"

ताई यायची. कोपराच्या खळग्यात डाव्या हाताचं पहिलं बोट ठेवायची आणि बघायची मात्र भलतीकडेच, खिडकीबाहेर नाहीतर समोरच्या भिंतीकडे. डोळ्यांनी शोधणाऱ्याला शीर चकवते, असं तिचं म्हणणं. बोटाला चकवता येत नाही. बोटाखाली काहीतरी मऊ दबायचं आणि उसळून परत यायचं. तिथेच सुई. मुलानं रडायला तोंड उघडावं तोवर कापूस लागलेला असायचा.

"झालं?" मुलाच्या आईला खरं वाटायचं नाही.

"झालं. आता रड रे बाबा हवं तेवढं. माझी काही हरकत नाही."

लोक म्हणत, हिच्या हाताला गुण आहे. ती म्हणायची, गुण कसला डोंबलाचा, इतकी वर्षं टोचते आहे, आता दगडातसुद्धा शीर सापडेल.

चाळिशीच्या तोंडावर एका सकाळी तिला टूथपेस्टची ट्यूब दाबता येईना.

"नवीन आहे, घट्ट असते," नवरा म्हणाला. तो बसमध्ये कंडक्टर. घाईत होता. दुसऱ्या दिवशी ब्लाउजचं हूक लागेना. तिसऱ्या दिवशी तिनं चहाचा कप दोन्ही हातांनी धरला, तेव्हा सासूबाईंनी पेपर खाली ठेवला.

सांध्यांच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. शरीरात पहारेकरी असतात. बाहेरून कुणी घुसलं की ते तुटून पडतात. हिच्या पहारेकऱ्यांनी हिच्याच सांध्यांना परकं ठरवलं होतं. त्याला संधिवाताचा एक प्रकार म्हणतात. बरा होत नाही, आटोक्यात राहतो.

"म्हणजे आपलेच दात आणि आपलेच ओठ," घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या. घरात त्या आजाराला पुढे तेच नाव पडलं. "आज दात-ओठ कसं आहे?" नवरा सकाळी विचारायचा. "ओठ सुजलेत," नाहीतर "दात झोपलेत," असं काहीतरी ती म्हणायची.

आठवड्यातून एकदाच घ्यायची एक गोळी सुरू झाली. शनिवारी रात्री घ्यायची. रविवारभर पोटात ढवळायचं, अन्नाचा वास नको व्हायचा. पण दोन-तीन महिन्यांत बोटं परत आली. गोळी पहारेकऱ्यांना जरा गुंगी आणते, असं डॉक्टर म्हणाले होते. आणू दे, ती म्हणाली. तिला तिची बोटं हवी होती.

लॅबच्या मालकीणबाई स्वतः डॉक्टर. सगळे त्यांना मॅडम म्हणत. एक दिवस त्यांनी नियम काढला. सुई धरणाऱ्या प्रत्येकाची हिपॅटायटिस बीची तपासणी. ही रक्तातून पसरणारी कावीळ. लस सगळ्यांनी कधीतरी घेतलेली होतीच. ती अजून शाबूत आहे का, ते रक्तात मोजता येतं. आकडा दहाच्या वर हवा. नसेल तर पुन्हा लस. तोवर सुई नाही, काउंटरवर बसायचं.

बाकीच्यांचे आकडे शेकड्यांत आले. तिचा चार.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली.

शेजारच्या खुर्चीवरचा तिचा सहकारी उंचापुरा, म्हणून सगळे त्याला लांब्या म्हणत. तो हसला. "ताई, हे वाक्य आपण पेशंटच्या तोंडून ऐकतो."

मशीन बिघडलं नव्हतं. तिनं पुन्हा सगळे डोस घेतले. आकडा नव्वदच्या आसपास गेला. ती सुईच्या खुर्चीवर परतली, आणि त्या संध्याकाळी घरी तिनं स्वतःहून सिनेमाला जायचं काढलं. वर्षभरानं पुन्हा तपासलं. सहा. ये रे माझ्या मागल्या.

पुन्हा एक डोस. पुन्हा वर. या वेळी वर्षभरही थांबला नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

मधल्या दिवसांत ती काउंटरवर असायची. नाव काय, वय काय, उपाशी आलात का, पाणी चालतं, चहा चालत नाही. काच, काचेला गोल भोक. पलीकडे लांब्या कुणाच्यातरी दंडावर टिचक्या मारत बसलेला दिसायचा. शीर टिचक्यांनी येत नसते. हे तिनं त्याला शंभरदा सांगितलं होतं. काचेतून पुन्हा सांगता येत नव्हतं.

"मॅडम, माझ्या हाताला काही झालेलं नाही."

"माहीत आहे. हा नियम तुझ्यासाठीच आहे, माझ्यासाठी नाही."

"तेच तर. म्हणून भांडतासुद्धा येत नाही."

ती नवऱ्याला घेऊन सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेली. एकच प्रश्न घेऊन गेली होती.

"डॉक्टर, लस घेतली की किती टिकेल?"

"सांगता येत नाही."

"साधारण?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माणूस प्रामाणिक होता. त्याचाच तिला जास्त राग यायचा. "धडधाकट माणसांचं आम्हाला बऱ्यापैकी माहीत आहे. आकडा खाली आला तरी शरीराला आठवण राहते. खरा विषाणू आला की पहारेकरी उठतात. पण तुमच्यासारख्यांत आजार वेगळे, औषधं वेगळी. बऱ्याच जणांत संरक्षण कमी चढतं आणि लवकर ओसरतं. किती लवकर, ते लशीवर आहे, औषधावर आहे, माणसावर आहे."

"माझ्यात आठवण आहे का?"

"असेल."

"तपासून बघा की."

"ती रोजच्या तपासणीत दिसत नाही."

"म्हणजे आहे की नाही, ते खरी कावीळ झाली तरच कळणार."

डॉक्टरांनी पेन पुन्हा उचललं.

नवऱ्याला शांतता सहन होत नसे. "साहेब, आमच्या पासवर कसं, शेवटची तारीख छापलेली असते. संपला, उतर खाली. भांडण नाही."

"तेवढी सोय इथे नाही हो," डॉक्टर हसले. नवराही हसला. ती हसली नाही.

मग डॉक्टरांनी एक वाट सुचवली. पुढचा डोस घेतल्यावर दोन आठवडे गोळी थांबवायची. पहारेकरी शुद्धीवर असताना लस दिली की ते ती नीट शिकतात. फ्लूच्या लशीला याचा फायदा होतो असं दिसलं आहे. या लशीला होईलच असं नाही. "पण तुमचा आजार सध्या शांत आहे, तेव्हा करून बघू. दोनच आठवडे. बोटं कुरकुरली तर लगेच फोन करायचा."

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं."

"तू गप्प बस जरा," ती म्हणाली.

डोस झाला. पहिला शनिवार गोळीविना गेला. रविवारी तिला कित्येक दिवसांनी कडकडून भूक लागली. दुसरा शनिवार गेला. बोटं सकाळी थोडी आखडत होती, पण गरम पाण्यात धरली की सुटत. तिसऱ्या शनिवारी नवऱ्यानं गोळ्यांची पट्टी आणून समोर ठेवली.

"आज सुरू ना?"

"तपासणी झाल्यावर."

"ती कधी?"

"अजून वेळ आहे. लस मुरायला लागते."

"डॉक्टर दोन आठवडे म्हणाले होते. मी कानांनी ऐकलंय."

"ते डॉक्टर आहेत. नमुना मी काढते."

ही चूक दुसऱ्या कुणी केली नसती. अर्धं आयुष्य तिनं लोकांना एकच गोष्ट सांगितली होती. तपासणीआधी पोटात काही नको, नाहीतर नमुना खराब होतो. अमुक गोळी आदल्या दिवशी बंद ठेवा. आकडा बिघडतो. आता तिचा स्वतःचा नमुना जायचा होता. त्यात गोळीचा अंश नको, असं तिनं ठरवून टाकलं. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, हे तिला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. आकडा एकदा खणखणीत यायला हवा होता. मग बघू गोळीचं.

चौथ्या आठवड्यात नवरा तिच्यासाठी बाटल्यांची झाकणं आदल्या रात्रीच सैल करून ठेवू लागला. बोलत नव्हता. सासूबाई बोलत होत्या.

"लस म्हणजे काय दूध आहे का, नासतंय का म्हणून सारखं बघत बसायला? आमच्या वेळी टोचलं की संपलं. दंडावर व्रण आणि कामाला लागा."

"तुमचे पहारेकरी शहाणे होते, आई."

"आणि तुझे?"

"माझे माझ्यावर गेलेत."

लॅबमध्ये ती काउंटरवर होतीच. पण एकानं नोकरी सोडली, सकाळची गर्दी दाराबाहेर जाऊ लागली, आणि ती मॅडमच्या मागे लागली. डोस झालेला आहे. आकडा आठवड्याभरात येईलच. सकाळचे दोन तास तरी द्या. मॅडमनी नाइलाजानं मान हलवली. हात बघायचं त्यांच्या मनात आलं नाही. खुर्चीवर बसली की तिच्या हातात ग्लोव्ह असायचेच.

"ताई, तुम्ही माझे ग्लोव्ह का घालताय?" लांब्यानं विचारलं. त्याचे मोठ्या मापाचे.

"माझ्या मापाचे संपलेत."

तिच्या मापाचा भरलेला डबा शेजारीच होता. लांब्यानं डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

पहिले तीन दिवस निभावले. चौथ्या दिवशी एक काका आले. एका कॅन्टीनमध्ये स्वयंपाकी होते. मोठा दंड, दंडावर तेलाचे जुने चटके, बडबड अखंड. "सावकाश हं बाई. मी हजार माणसांचं जेवण करतो, पण सुई बघितली की माझं पाणी होतं."

तिनं बोट खळग्यात ठेवलं. भिंतीकडे बघितलं. बोटाखाली काही आलं नाही.

तिनं पुन्हा दाबलं. सुजलेल्या बोटाला स्वतःचाच ठणका तेवढा लागत होता. बाकी सगळं उशीवरून हात फिरवावा तसं. तिनं मान वळवली आणि डोळ्यांनी शीर शोधली. पहिल्यांदा टोचलं ते वाया गेलं. तिचं सहसा जात नसे. काका "आई गं" म्हणाले. दुसऱ्यांदा रक्त आलं. नळ्या भरल्या. तिनं सुई बाहेर काढली. सुईवर एक संरक्षक झाकण असतं. ते अंगठ्यानं पुढे सरकवायचं, खट्ट आवाज होतो, काम संपतं. अंगठा निघाला, पण वेळेवर पोचला नाही. खट्ट आवाज झाला नाही. डाव्या बोटावर, ग्लोव्हच्या आतून, एक लाल ठिपका वर आला.

तिनं सुई डब्यात टाकली. ग्लोव्ह ओढून काढला, नळ सोडला, साबण लावला आणि बोट पाण्याखाली धरून उभी राहिली. लांब्यानं तिच्या पाठीवरूनच ओळखलं.

"लागली?"

"काकांना विचार. त्यांचं रक्त तपासायला हवं. त्यांची परवानगी घे."

काका घाबरून उठले होते. "काय झालं? मला काही आजार आहे का?"

"नाही काका," ती नळाकडे तोंड करूनच म्हणाली. "मला आहे."

"अरे देवा. मग मला लागला का?"

"तो कुणाला लागत नाही. तो फक्त माझ्यावरच उलटतो."

काकांना काही कळलं नाही. पण भला माणूस. "घ्या, हवं तेवढं रक्त घ्या," म्हणून दुसरा हात पुढे करून बसला. लांब्यानं घेतलं. मग त्यानं तिचंही घेतलं. तिच्या दंडावर त्यानं टिचक्या मारल्या. तिनं मारू दिल्या.

दुपारी मॅडमनी दार बंद करून सांगितलं. काकांच्या रक्तात काही नव्हतं. कावीळ नाही, दुसरंही काही नाही. आणि तिचा स्वतःचा आकडा आला होता. एकशे चाळीस.

आजवरचा सगळ्यात मोठा.

"बघा," ती म्हणाली. "बघा ना! दहाच्या कितीतरी वर. मी म्हटलं नव्हतं?"

"ग्लोव्ह काढ."

"मॅडम, आकडा..."

"दोन्ही काढ."

डावा नळाशीच निघाला होता, उजवा तिनं अजून उतरवलाच नव्हता. उजवा काढताना तिला दातांची मदत घ्यावी लागली. बोटांची पेरं चकाकत होती, ताणलेली, लालसर. मॅडमनी तिचा हात हातात घेतला आणि हलकेच मूठ वळवायला सांगितली. मूठ अर्ध्यावर थांबली.

"गोळी कधीपासून बंद आहे?"

तिनं हात मागे ओढून घेतला.

"आणि या हातात मी सुई दिली," मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. मग तिच्याकडे बघून, "तुझ्याकडे आकडा आहे. हात नाही."

सांध्यांच्या डॉक्टरांचा त्या दिवशी पहिल्यांदा आवाज चढला. "दोन आठवडे म्हटलं होतं ना मी?"

"नमुना खराब होईल म्हणून."

"त्या गोळीनं नमुना खराब होत नाही! लॅबमध्ये काम करता, आणि..."

"लॅबमध्ये काम करते म्हणूनच झालं ते."

नवरा शेजारी बसून बुटांकडे बघत होता. डॉक्टरांनी श्वास घेतला, थोड्या दिवसांसाठी एक कडक औषध लिहिलं, आणि गोळी त्याच शनिवारपासून सुरू करायला सांगितली.

"हा आकडा गोळी थांबवली म्हणून चढला का?" तिनं विचारलं.

"कदाचित. किंवा आतापर्यंतचे सगळे डोस मिळून चढला असेल. एका माणसावरून सांगता येत नाही."

"टिकेल किती, ते मी विचारत नाही."

"नका विचारू," डॉक्टर म्हणाले. ते बोलणं कठोर नव्हतं. त्यांनाही ते उत्तर देण्याचा कंटाळा आला असावा.

बोटं सावकाश आली. आधी कप एका हातात आला. मग हूक. मग बाटलीचं झाकण, आणि नवऱ्यानं ते आदल्या रात्री सैल करणं बंद केलं. रविवार पुन्हा मळमळीचे झाले. काउंटरवर बसल्या बसल्या ती टेबलाखाली स्वतःच्याच मनगटावर बोट ठेवून बघायची. एक दिवस बोटाखाली ते मऊ दबलं आणि उसळून परत आलं. तिनं काचेतून मॅडमना हाक मारली.

मॅडमनी हात तपासला. मूठ वळवून घेतली, बोटं एकेक करून दाबली, सुईचं झाकण चारदा सरकवायला लावलं. चारही वेळा खट्ट. "छान," त्या म्हणाल्या. "वर्ष होत आलंय. आकडा बघून घेऊ, आणि बस खुर्चीवर."

आकडा नऊ आला.

तिनं पुन्हा लावायला सांगितला. लांब्यानं पुन्हा लावला. नऊ.

"एकानं काय होतं, मॅडम?"

"आज नऊला हो म्हटलं, तर पुढच्या वेळी आठला नाही कशी म्हणू?"

"त्या दिवशी आकडा होता, हात नव्हता. आज हात आहे, आकडा नाही. दोन्ही एकदम माझ्याकडे असतील असा दिवस मी आणायचा कुठून? गोळी घेतली तर लस पळते. गोळी सोडली तर बोटं पळतात. तुम्हीच सांगा, मी कुणाच्या मागे धावू?" तिचा आवाज बाहेर बसलेल्यांपर्यंत गेला. "आणि आठवण असेल तर? डॉक्टर म्हणतात, असेल. नऊ काय, शून्य असलं तरी असेल."

"असेल," मॅडम म्हणाल्या. "आणि नसेल तर? त्या दिवशीसारखी सुई पुन्हा लागली आणि समोरच्याला कावीळ असली तर?"

   मग मॅडम आत गेल्या आणि ती काचेमागे जाऊन बसली.

पुढचा डोस ठरला आहे. या वेळी गोळी थांबवायची की नाही, यावर डॉक्टरांचं आणि तिचं अजून ठरलेलं नाही. थांबवलीच तर दोन आठवडे, आणि पट्टी नवऱ्याच्या खिशात. एवढं मात्र घरात ठरलं आहे. ते सासूबाईंनी ठरवलं.

परवा एक बाई लहान मुलीला घेऊन आली. मुलगी तापानं सुकलेली, हात काडीसारखा. लांब्यानं एकदा टोचलं, शीर निसटली. मुलगी किंचाळली. दुसऱ्यांदा टोचायचं त्याला धैर्य होईना. त्यानं काचेकडे बघितलं. ताईनं मॅडमच्या दाराकडे बघितलं. मॅडम दारातच उभ्या होत्या. "बोट लाव," त्या म्हणाल्या. "सुई त्याच्या हातात."

ती बाहेर आली. मुलीच्या कोपराच्या खळग्यात बोट ठेवलं, भिंतीकडे बघितलं.

"इथे."

लांब्यानं सुई जवळ आणली. आता बोट उचलायला हवं होतं. तिनं ते जरा वर सरकवलं. लांब्याची सुई केसभर बाजूला गेली.

"तिथे नाही. इथे म्हटलं मी. अरे, इथे!" तिनं त्याचं मनगट धरलं आणि वळवलं. रक्त आलं. मुलगी हुंदके देत राहिली. लांब्याच्या कपाळावर घाम होता.

मुलीच्या आईनं मुलीचे डोळे पुसले आणि ताईकडे बघितलं. "तुम्हाला एवढं येतं, तर तुम्हीच का नाही घेतलं हो? पोरीला दोनदा टोचलं."

"मला चालत नाही सध्या."

"का? हात दुखतो का?"

"नाही," ती म्हणाली. "हात आता अगदी छान आहे."

"मग?"

ती काचेमागे जाऊन बसली आणि रांगेतल्या पुढच्या माणसाला तिनं नाव विचारलं. जरा जोरातच विचारलं. तो माणूस दचकला.